ब्रिटानियाची रोमन नाणी: काही समज, काही वस्तुस्थिती

रोमन नाणं म्हणजे दुर्मिळ आणि दुर्मिळ म्हणजे लाखमोलाचं, असं आपण गृहीतच धरतो. रोमन साम्राज्याच्या वायव्य टोकाला असलेल्या ब्रिटानिया प्रांताची नाणी जमवू पाहणाऱ्याला हा समज सगळ्यांत आधी सोडावा लागतो. तिसऱ्या-चौथ्या शतकांतली हलक्या धातूची लहान नाणी टाकसाळींनी अफाट संख्येनं पाडली. इंग्लंडच्या शेतांतून ती आजही निघतात. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एकाच रांजणात 52,503 नाणी सापडली; त्यांचं वजन सुमारे 160 किलो भरलं. अशा काळातलं एखादं झिजलेलं नाणं साध्या नोकरदारालाही सहज परवडतं. किंमत ठरते ती प्रकार, धातू, अवस्था आणि मागणी यांवर. निव्वळ वयाला बाजारात फारसा भाव नाही.

दुसरा गोंधळ याहून मोठा आहे: ब्रिटानियाचं नाणं म्हणजे ब्रिटनमध्ये पाडलेलं नाणं. सम्राट क्लॉडियसच्या फौजा इ.स. 43 मध्ये तिथं उतरल्या. त्या विजयाची ग्वाही देणारी, विजयकमान असलेली सोन्याचांदीची नाणी त्यानं काढली खरी, पण ती ब्रिटनमधली नव्हेत. पुढची जवळजवळ अडीच शतकं या प्रांतात कायमची सरकारी टाकसाळ नव्हती. नाणी यायची ती मुख्यतः रोमहून आणि काही काळ आजच्या फ्रान्समधल्या ल्योंहून. लंडनची टाकसाळ सुरू झाली 286 च्या सुमारास आणि 325 च्या आसपास बंद पडली. म्हणून जाणकार संग्राहक तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो: ब्रिटनविषयीची नाणी, ब्रिटनमध्ये पाडलेली नाणी आणि ब्रिटनमध्ये खरोखर वापरलेली नाणी. माझ्या मते तिसऱ्या गटाइतकं बोलकं दुसरं काही नाही, आणि नेमक्या त्याच गटाकडे बाजाराचं लक्ष सर्वांत कमी असतं.

अँटोनायनस पायस या सम्राटाचं 154-155 मधलं तांब्याचं ‘अ‍ॅस’ घ्या. त्याच्या मागच्या बाजूला खडकावर बसलेली ब्रिटानिया आहे. ही विजयी देवता, असं अनेकांना वाटतं, कारण ब्रिटिश नाण्यांवरची ढाल-त्रिशूळवाली ब्रिटानिया डोळ्यांसमोर असते. ब्रिटिश नाण्यांवर ब्रिटानिया काढण्याची परंपरा मात्र इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या काळात, 1672 मध्ये सुरू झाली. रोमन नाण्यावरची स्त्री जिंकलेल्या प्रांताचं रूप आहे. ती डोकं हाताला टेकवून, खिन्न बसली आहे. हे नाणं ब्रिटनमध्ये भरपूर सापडतं, युरोपच्या मुख्य भूमीवर क्वचितच. 1876 मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीलगत कॅरोबर्ग इथं कोव्हेंटिना या जलदेवतेच्या कुंडातून 13 हजारांहून जास्त नाणी निघाली, त्यांत या एकाच प्रकारची तीनशेहून अधिक होती. बहुतेक नाणी हौशी माणूस हातातही धरणार नाही इतकी ओबडधोबड. पण ती कुठे सापडली हे ठाऊक असल्यामुळेच ब्रिटानियाची ही नाणी खास या प्रांतासाठी काढली गेली असावीत, असं म्हणता येतं.

कॅरॉसियसवर तर फारच अन्याय होतो. हा इंग्लिश खाडीतल्या रोमन आरमाराचा सेनापती. 286 च्या सुमारास त्यानं बंड करून ब्रिटन आणि उत्तर गॉलच्या (आजच्या उत्तर फ्रान्सच्या) काही भागावर राज्य केलं. 293 मध्ये त्याच्याच अ‍ॅलेक्टस नावाच्या अधिकाऱ्यानं त्याचा खून केला. बंडखोर म्हणजे त्याची नाणी हिणकस, असं सर्रास मानलं जातं. त्याच्या सुरुवातीच्या काही हलक्या धातूच्या नाण्यांवर घाईचा ठसा दिसतो, हे खरं. पण साम्राज्याच्या नाण्यांत नावालाच चांदी उरली होती तेव्हा यानं चांगल्या कसाची चांदीची दिनारी पाडली. त्यांतल्या काहींवर ‘आर एस आर’ ही अक्षरं आहेत. ती रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यातल्या, सुवर्णयुग परत येत असल्याचं सांगणाऱ्या शब्दांची आद्याक्षरं आहेत, हे 1990 च्या दशकात उलगडलं. साम्राज्याच्या कडेला बसलेला एक दर्यावर्दी आपल्या प्रजेला नाण्यावरून व्हर्जिलची आठवण करून देतो, यापुढे मला कित्येक सम्राटांची सोन्याची नाणी फिकी वाटतात.

कडा कातरलेलं नाणं खराब, म्हणून टाकाऊ? ब्रिटनच्या बाबतीत उलट. 1992 मध्ये सफोकमधल्या हॉक्सन इथं सुमारे पंधरा हजार नाण्यांचा ठेवा मिळाला. त्यातली चांदीची नाणी जवळजवळ सगळी कातरलेली होती, पण सम्राटाचा चेहरा मात्र जपलेला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या चांदीचा पुरवठा आटत गेला, तेव्हा लोकांनी आहे त्याच चांदीची चिमूट काढून घेतली. ही सवय मुख्यतः याच प्रांतातली. त्यामुळे कातरलेली ‘सिलिक्वा’, म्हणजे या काळातलं चांदीचं नाणं, ब्रिटनमध्ये फिरलेली असण्याची शक्यता मोठी.

घासून चकचकीत करण्याबद्दल थोडक्यात: चिंच-लिंबानं देवाची भांडी उजळतात, रोमन कांस्य मरतं. शतकानुशतकं चढलेला हिरवा-तपकिरी थर गेला की अक्षरंही जातात आणि किंमतही.

राहिला सापडलेल्या धनाचा प्रश्न. ‘ज्याला सापडलं त्याचं’ हा नियम इंग्लंडमध्ये नाही. 1996 च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार एकाच ठेव्यातली सोन्याचांदीची 300 वर्षांहून जुनी दोन किंवा अधिक नाणी, अथवा हलक्या धातूची किमान दहा, मिळाल्यास 14 दिवसांत कॉरोनर या न्यायिक अधिकाऱ्याला कळवावं लागतं. संग्रहालयानं ठेवा घेतला, तर मोबदला साधारणतः शोधणाऱ्यात आणि जमीनमालकात वाटला जातो. एकट्यादुकट्या नाण्याची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेकडे स्वेच्छेनं करता येते.

नियम पाळल्यानं काय साधतं, ते फ्रोमला दिसलं. शोधणाऱ्यानं रांजण स्वतः न उपसता पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी तो थराथरानं रिकामा केला, तेव्हा कळलं की कॅरॉसियसची, म्हणजे सर्वांत नवी नाणी वरच्या थरात नव्हती. बहुतेक बरीच खाली होती. पैसे वर्षानुवर्षं थोडेथोडे साठवले असते तर ती वर असती. म्हणजे रांजण बहुधा एकदाच भरला गेला. आणि एवढ्या वजनाचा पातळ रांजण पुन्हा उचलून नेणंही शक्य नव्हतं. भीतीनं पुरलेलं धन ही नेहमीची समजूत इथं डळमळली आणि देवाला वाहिलेलं दान ही शक्यता पुढे आली. तो रांजण रात्रीत फोडून नाणी सुटी विकली असती, तर बाजारात हजारो नाणी आली असती आणि हा प्रश्न कुणाला पडलाही नसता.

म्हणून खरेदी करताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो सापडल्या जागेचा. नोंद क्रमांक, जुन्या संग्रहाची चिठ्ठी, लिलावाची पावती, जे असेल ते नाण्यासोबत मागून घ्यावं. अशा कागदासह मिळणाऱ्या झिजलेल्या नाण्याला चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. नोंदीचा हा कागद नाण्याच्याच पाकिटात ठेवावा.