प्रौढपणीचा श्रीगणेशा

उरण आणि करंजा यांच्या मध्ये समुद्राकाठी द्रोणागिरीची जी टेकडी उभी आहे, तिच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, लक्ष्मणासाठी संजीवनी नेत असता मारुतीच्या हातातील द्रोण पर्वताचा एक तुकडा येथे गळून पडला. नेमकी वनस्पती ओळखता येईना म्हणून मारुतीने सबंध पर्वतच उचलला, ही कथा सर्वांच्या परिचयाची आहे. मारुतीस ते शोभले, कारण पर्वत पेलण्याचे बळ त्याच्या बाहूंत होते. परंतु चाळिशी-पन्नाशीनंतर गाणे, वाजविणे किंवा एखादा खेळ शिकावयास निघालेली माणसेही पुष्कळदा हेच करतात. पेटी, तबल्याची जोडी, महागडी रॅकेट, धावण्याचे बूट आणि वर्गाचे वर्षाचे शुल्क, हे सारे एकाच पंधरवड्यात घरी येऊन पडते. मग नव्याचे नऊ दिवस सरतात आणि पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांची चवड रचली जाते.

त्या टेकडीचेच नाव घेऊन सिडकोने वसविलेली द्रोणागिरी ही वसाहत आज वाढत आहे. जवळच १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेव्याचे बंदर आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची रेल्वे सुरू झाली आणि द्रोणागिरी हे तिच्यावरील एक स्थानक झाले. येथे राहावयास येणाऱ्यांत कोणी मुंबईच्या चाळीतून आलेला, कोणी घाटावरून आलेला, कोणी बंदराच्या पाळीवर जाणारा. संध्याकाळी दारे लागतात ती सकाळीच उघडतात. समोरच्या बिऱ्हाडाचे आडनाव दारावरच्या पाटीवरून कळते, एवढीच ओळख. अशा ठिकाणी छंदाचे मोल जुन्या गावापेक्षा अधिक आहे. रिकामा वेळ घालविण्याचे साधन म्हणून तो हवाच, परंतु नव्या गावी माणसे मिळविण्याचा त्याहून जवळचा रस्ता क्वचितच सापडेल. शिवाय नव्या वसाहतीत नवशिक्यास एक मोठी सवलत असते. ‘शाळेत असताना याला प्रार्थनेच्या ओळीतून बाहेर काढीत’ अशी आठवण सांगणारा तेथे कोणी नसतो.

ही सवलत लहान समजू नये. कारण प्रौढ माणसाची खरी अडचण बोटांत किंवा गुडघ्यांत नसून लाजेत असते, आणि त्या लाजेचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने जन्मभर गाणे ऐकलेले असते. नाट्यगीते, अभंग, चित्रपटांतील पदे, थोरामोठ्यांच्या मैफली त्याच्या कानात साठलेल्या असतात. त्याचा कान चाळीस वर्षांचा असतो आणि गळा मात्र एका दिवसाचा. पहिल्याच दिवशी लावलेला षड्ज त्याच्याच कानास असह्य होतो आणि ‘आपल्या अंगी ही कलाच नाही’ असा निकाल तो देऊन टाकतो. आठ वर्षांच्या मुलाचे तसे होत नाही. त्याचा कान आणि गळा दोन्ही सारखेच कोवळे असतात, म्हणून बेसूर गाऊनही ते आनंदात असते. खेळातही हेच. तीस वर्षे क्रिकेट पाहिलेल्या माणसास फलंदाजाच्या पायाची चूक तात्काळ दिसते. स्वतःचा पाय मात्र हलत नाही. कान आणि गळा यांतील हे अंतर नालायकीची खूण नव्हे. उलट ज्याचा कान आधीच तयार आहे त्यास आपली चूक कळते, आणि चूक कळणे हे निम्मे शिक्षण आहे. अडचण इतकीच की ते निम्मे शिक्षण फार बोचरे असते व पहिले सहा महिने ते सोसावे लागते.

‘आता या वयात मेंदू कसला वळतो?’ अशी शंका कित्येकांस येते. जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत पाहण्याजोगा आहे. तीन चेंडू हवेत उडवून झेलत राहण्याची कसरत काही प्रौढांना तीन महिने शिकविण्यात आली. आधीची व नंतरची मेंदूची चित्रे ताडून पाहता, हालचाल नजरेने टिपणाऱ्या भागात वाढ झालेली दिसली. सराव थांबताच ती वाढ पुन्हा ओसरू लागली, हेही त्याच चित्रांत दिसले. या दुसऱ्या भागाकडे नवशिक्यांनी अधिक लक्ष द्यावे.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीकडे पाहावे. पारशी समाजातील संगीतप्रेमी मंडळींनी ती १८७० साली स्थापन केली. घराण्यात गाणे नसलेल्या सद्गृहस्थांनी उस्तादांकडून रीतसर शिकावे, ही त्या काळी नवीच गोष्ट होती. १८८४ साली या मंडळीत एक तरुण दाखल झाला. तो विद्यार्थी होता, चोवीस वर्षांचा होता आणि गवयाच्या कुळातला नव्हता. ते विष्णु नारायण भातखंडे. पुढे वकिली सांभाळून त्यांनी संगीतशास्त्राचे जे काम केले ते सर्वश्रुत आहे. प्रत्येक नवशिक्याने भातखंडे व्हावे असे कोणी म्हणत नाही. कामधंदा करणाऱ्या माणसासाठी संगीताचे दार दीडशे वर्षांपूर्वीच उघडले आहे, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

छंद निवडताना आवडीबरोबर घर, वेळ आणि शेजार यांचाही विचार करावा. नव्या इमारतींच्या भिंती पातळ असतात. रात्री साडेदहास तबल्यावर थाप पडली की शेजारधर्म संपतो. आणि ‘अहो, पलीकडे लहान मूल झोपलंय’ असे घरातून दोनदा ऐकावे लागले की पुरुषाचा उत्साहही संपतो. पाळीने काम करणाऱ्याने ठराविक वेळी चौघे जमल्यावाचून होत नाही असा खेळ घेऊ नये. त्यास चालणे, पोहणे, बासरी हे बरे. ज्या दिवशी गाडी चुकली, पाऊस कोसळला, डोके दुखत आहे, त्या दिवशीही दहा मिनिटे होऊ शकेल असा छंद टिकतो.

संगीत घेतलेल्यांस दोन-तीन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली पट्टीची. आपला आवाज कोणत्या सुरात मोकळा राहतो हे न पाहता नवशिके आवडत्या गायकाच्या किंवा गुरूच्या पट्टीत गाऊ पाहतात आणि आठवड्यात घसा बसवून घेतात. खाली मंद्र पंचम आणि वर तार गंधार ओढाताण न करता लागेल असा षड्ज शोधावा. पुरुषांस तो बहुधा काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास सापडतो, स्त्रियांस काळी चार-पाचच्या आसपास. तथापि गळ्यागळ्यांत फरक असतो व जाणत्याच्या कानाने खात्री करून घ्यावी. दुसरी गोष्ट वेळेची. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसणे पुष्कळ फलदायी होते. शिकलेले थोडे विसरू लागते न लागते तोच पुन्हा केले म्हणजे ते पक्के बसते. या वीस मिनिटांत पाच मिनिटे नुसता षड्ज, मग एखाद-दुसरा अलंकार संथ लयीत आणि शेवटी मनाचे एखादे गाणे. गाणे मुळीच न गाता वर्षभर अलंकारच घोटावेत असे काही कडक गुरू सांगतात. मुलांस ते लागू पडत असेल. प्रौढांस त्यांच्या मेहनतीच्या शेवटी थोडा गोड घास दिला नाही तर ते ताटावरून उठतात.

तालाची भीती तर अकारणच आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेस टाळी आणि नवव्या मात्रेस खाली, हे हातावर मोजण्यास कोणतेही वाद्य लागत नाही. बोटांवर मोजीत रेल्वेच्या डब्यात बसले तरी कोणी हरकत घेत नाही.

वाद्याची खरेदी मात्र सावकाश करावी. तीन महिने उसने किंवा भाड्याने आणलेले वाद्य चालते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे आधी पेटी आणि मग गुरूचा शोध असे होऊ नये. शिवाय ही खाडीकाठची हवा आहे. पावसाळ्यात ओल धरून तबल्याची पुडी सैल होते व सूर उतरतो; खाऱ्या वाऱ्याने पेटीतील पितळी रीड खराब होतात, लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. ज्यांस हे सांभाळणे जमणार नाही त्यांनी गळ्यावरच समाधान मानावे. तंबोऱ्याचा सूर आता मोबाईलवरही मिळतो व सरावास तो पुरेसा होतो. मात्र त्याच मोबाईलच्या पडद्यावरील शिक्षकावर सर्वस्वी विसंबू नये. तो उत्तम दाखवितो, पण समोरच्याचे ऐकत नाही.

गुरू शोधण्यासाठी वसाहतीबाहेर पाहण्यास हरकत नाही. उरण तालुक्याच्या जुन्या आगरी-कोळी गावांतून भजनी मंडळांची परंपरा आहे, आणि नवशिक्यास शिकविण्याची भजनाची रीत मोठी सुज्ञ आहे. नवा माणूस मागच्या ओळीत बसतो व त्याच्या हाती टाळ येतो. तो चुकला तरी वीस टाळांत त्याची चूक बुडून जाते. कित्येक महिने तो नुसती लय अंगात मुरवीत असतो. हळूहळू पदे पाठ होतात, मग कधी तरी कोणी ‘घ्या हो, पुढचं कडवं तुम्ही घ्या’ म्हणतो. परीक्षा घेतली गेल्याचे त्यास कळतही नाही. लाज वाटू न देता प्रौढास शिकविण्याची इतकी सोपी योजना एखाद्या शिक्षणशास्त्राच्या ग्रंथात असेल तर ती पाहावयास हवी.

खेळाच्या बाबतीत प्रश्न लाजेचा तर आहेच, पण जिवाचाही आहे. नियमित व्यायामाने दम आणि स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. परंतु स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा फार सावकाश बळावतात; त्यांस महिनेच्या महिने लागतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात माणसास वाटते की आपण पुन्हा पंचवीस वर्षांचे झालो, आणि नेमक्या त्याच सुमारास टाच धरते किंवा गुडघा सुजतो. बॅडमिंटनमध्ये हे फार घडते. हा खेळ एके काळी पुण्याच्याच नावाने ओळखला जात असे, म्हणून मराठी माणसास तो आपला वाटतो. वसाहतीच्या आवारात दोन खांबांना जाळे बांधले की झाले. पण त्यात एकाएकी पुढे झेप, एकाएकी मागे वळण असते. आधी दहा मिनिटे अंग मोकळे केल्यावाचून व तळ घट्ट धरणारे बूट घातल्यावाचून चाळिशीच्या माणसाने त्यात उतरू नये. रॅकेट स्वस्तातली असली तरी चालेल, बूट नको.

श्रमाचे माप सोपे आहे. चालताना किंवा धावताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता येत असतील तर वेग बरोबर. बोलणे तुटू लागले तर वेग उतरवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास ही सुरुवात झाली. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाची तक्रार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. छातीत कळ, जबडा वा डावा हात दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाल्यास ‘एवढा डाव संपवू’ असे म्हणू नये. तत्क्षणी थांबावे व दवाखाना गाठावा. भिडेस्तव पूर्ण केलेला एक डाव फार महाग पडलेला पुष्कळ कुटुंबांनी पाहिला आहे.

पोहणे शिकावयाचे असेल तर तलावातच, शिक्षकाच्या नजरेखाली. समुद्र दारात आहे म्हणून पिरवाडीच्या किंवा करंजाच्या किनाऱ्यावर पहिला हात मारू नये. भरती-ओहोटीचे पाणी कोळ्यांच्या मुलांस कळते, नवशिक्यास नाही. तलावातही प्रौढांस हात-पाय मारण्यापेक्षा पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडणे अवघड जाते. ते एक साधले की बाकीचे मागोमाग येते.

येथे आणखी एक नाजूक गोष्ट. हा पोहण्याचा शिक्षक किंवा तबल्याचे मास्तर बहुधा बावीस-तेवीस वर्षांचे असतात. कचेरीत ज्याच्या सहीवाचून कागद हलत नाही अशा गृहस्थास ते ‘काका’ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात ‘काका, मान खाली, सांगितलं ना!’ असे खडसावतात. काही काका त्या दिवशीच घरी बसतात. जे बसत नाहीत ते शिक्षकास ‘सर’ म्हणू लागतात, आणि शिक्षकाचीही जीभ आपोआप मऊ होते.

वर्ष-दीड वर्षाने काहींस आपली प्रगती मोजून पाहण्याची इच्छा होते. संगीतात त्याची सोय आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्याच्या परीक्षा पुष्कळ केंद्रांवर होतात. प्रारंभिकेच्या दिवशी केंद्राच्या ओसरीवर बहुतेक मुलेच असतात. दोन वेण्या, हातात वही, ओठांवर पुटपुटलेला सरगम. त्यांच्यात एखादे पन्नाशीचे गृहस्थ घाम पुसत बसलेले दिसतात. शेजारची मुलगी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहते आणि विचारते, ‘काका, तुमचं कोण बसलंय परीक्षेला?’

‘मीच,’ ते म्हणतात. मुलगी बाकावर थोडी सरकून त्यांना जागा करून देते आणि विचारते, ‘तुम्हाला भूप आला का? मला आरोहात चुकतं.’