केराटिन ट्रीटमेंट: नाव प्रथिनाचं, काम रसायनाचं

पावसाळा तोंडावर आला की पार्लरमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "केराटिन कितीला पडेल?" दमट हवेत केस पिंजारतात. हवेतलं पाणी केसात शिरतं, तिथले हायड्रोजनचे कमजोर बंध सुटतात आणि वेड्यावाकड्या जागी पुन्हा जुळतात. त्यावर काही महिन्यांचा उतारा म्हणून ही ट्रीटमेंट लोकप्रिय झाली. सोबत काही गैरसमजही रुजले.

गैरसमज: केराटिनमुळे केसांना पोषण मिळतं.

वस्तुस्थिती: केस मुख्यतः केराटिनचा असतो, हे खरं. पण टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो, त्याला पोषण कसलं? बाटलीतलं केराटिन बहुधा लोकर किंवा पिसांपासून काढून बारीक केलेलं असतं. त्यातलं थोडं केसात शिरतं, बाकीचं वर बसतं आणि केस मऊ लागतात. केस महिनोन्‌महिने सरळ राहतात ते मात्र फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायऑक्झिलिक आम्लासारख्या रसायनामुळे आणि उष्णतेमुळे. द्रव लावून केस वाळवतात, मग एकेक बारीक बट २०० ते २३० अंश सेल्सिअसला तापलेल्या स्ट्रेटनरमधून अनेकदा ओढतात. फॉर्मल्डिहाइड या उष्णतेत प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींशी बांधून टाकतं, म्हणून सरळपणा टिकतो.

गैरसमज: बाटलीवर 'फॉर्मल्डिहाइड फ्री' आहे, म्हणजे प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती: फॉर्मल्डिहाइड हा वायू. तो पाण्यात मिसळला की बहुतांशी मिथिलीन ग्लायकॉल होतो, आणि लेबलवर तेच नाव छापता येतं. द्रव तापला की वायू पुन्हा मोकळा होतो. २०१० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या कामगार-सुरक्षा खात्याने 'ब्राझिलियन ब्लोआउट' या उत्पादनाचे नमुने तपासले. 'फॉर्मल्डिहाइड फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या या द्रवात ते सरासरी ८ टक्क्यांहून जास्त निघालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला ताकीद दिली. म्हणून लेबलवर फॉर्मलिन, मिथिलीन ग्लायकॉल आणि मिथेनडायॉल हे शब्दही शोधा.

गैरसमज: मग नॅनोप्लास्टिया किंवा हेअर बोटॉक्स केलं की धोका नाही.

वस्तुस्थिती: हेअर बोटॉक्समध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन नसतं, ते निव्वळ नाव आहे. या नव्या प्रकारांत अनेकदा ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरतात. २०२४ साली फ्रेंच डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशा तीन वर्षी केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडांना तीनदा इजा झाली होती. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक आम्ल होतं. तेच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसले. असा त्रास प्रत्येकीला होईल असं मुळीच नाही, पण टाळूवर लावलेलं तिथेच राहतं, हा समजही खरा नाही.

गैरसमज: केराटिन, रीबाँडिंग, स्मूदनिंग सगळं एकच.

वस्तुस्थिती: रीबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारखं रसायन केसातले पक्के डायसल्फाइड बंध तोडतं आणि केस सरळ धरून ते पुन्हा जोडले जातात. तो बदल कायमचा, मुळाशी नवा केस मात्र पूर्वीसारखाच उगवतो. आपल्याकडचं स्मूदनिंग बहुधा याचाच सौम्य अवतार असतो. केराटिनचा परिणाम साधारण तीन-चार महिन्यांत धुण्याबरोबर उतरतो. एकावर एक दोन्ही करून घेतल्यास केस तुटण्याची शक्यता वाढते.

गैरसमज: ट्रीटमेंटच्या धुराने डोळे चुरचुरतात ते तेवढ्यापुरतं, सहन करायचं.

वस्तुस्थिती: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. गिऱ्हाईक वर्षातून दोन-तीनदा त्या धुरात बसते, पार्लरमधली मुलगी दिवसभर. एसीसाठी दारं-खिडक्या बंद असतील तर वायू खोलीतच साठतो. साधा मास्क तो अडवत नाही. हवा बाहेर टाकणारा पंखा हवाच.

ट्रीटमेंट करायचीच असेल तर बाटली मागून घटक वाचा, द्रव टाळूपासून लांब ठेवायला सांगा आणि आग होऊ लागली तर लगेच धुवायला लावा. गरोदरपणात आणि टाळूवर जखम असताना हा बेत पुढे ढकला. नंतरच्या एक-दोन दिवसांत उलट्या, कंबरेत दुखणं किंवा लघवी कमी होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना पार्लरला जाऊन आल्याचं आवर्जून सांगा. केसांचा मूत्रपिंडांशी संबंध असेल, हे त्यांच्याही मनात सहज येणार नाही.