सायकल-फेरीची पूर्वतयारी

एखाद्या रुग्णालयाच्या अथवा अनाथाश्रमाच्या साहाय्यार्थ लांबची सायकल-फेरी काढण्याचा प्रघात आतां आपल्याकडेही रूढ होत आहे. तिची एक रीत अशी: सायकलस्वार अमुक इतकें अंतर तोडण्याचा संकल्प करतो, ओळखीचे लोक दर किलोमीटरामागें कांहीं रक्कम देण्याचें वचन देतात, आणि जमलेला निधि त्या संस्थेस अर्पण होतो. हार, टाळ्या व छायाचित्रें हीं सर्व त्या एका दिवसाचीं असतात. परंतु तो दिवस ज्या सरावावर उभा असतो, त्याविषयीं बहुधा कोणी बोलत नाहीं. म्हणून विद्यार्थी व पालक यांच्यासाठीं तोच विषय आम्हीं येथें घेतला आहे.

मोर्शीहून अमरावती सुमारें ५५ किलोमीटर. जाऊन येऊन ११०. महाविद्यालयांत असतां अशाच एका फेरींत हें अंतर तोडण्याचें आम्हीं कबूल केलें होतें. रोज सायकलीवर बसतोंच, मग निराळा सराव कशाला, असा आमचा समज. परततांना अर्ध्या वाटेवर पायांत गोळे आले, डोळ्यांपुढें अंधारी आली, आणि अखेर सायकल एस. टी.च्या टपावर चढवून आम्ही घरीं आलों. आम्हांस सांभाळण्यापायीं एका सोबत्याचीही फेरी अपुरी राहिली. दुसऱ्या दिवशीं वर्गणी मागावयास गेलों, तेव्हां बाजारांत हमाली करणाऱ्या एका गृहस्थांनीं पूर्ण ११० किलोमीटरांचे पैसे आमच्या हातावर ठेविले व एक अक्षरही विचारलें नाहीं. त्या मौनाइतकी कडक शिक्षा आम्हांस कोणत्याही गुरुजींनीं कधीं केली नाहीं.

चूक कोठें झाली होती? खाल्लेल्या अन्नांतील साखर शरीर ग्लायकोजेनच्या रूपानें स्नायूंत व यकृतांत सांठवितें. जोराच्या श्रमांत हा सांठा दोनेक तासांत संपत येतो. मग जळण म्हणून मुख्यतः चरबी उरते. परंतु तिच्यापासून शक्ति सावकाश मिळते, म्हणून पाय एकाएकीं जड होतात. नियमित सरावानें स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात, आणि शरीर अधिक चरबी जाळून साखर राखून ठेवूं लागतें. हा पालट एका रात्रींत होत नाहीं. त्यास आठवडे लागतात. शिवाय तो बराचसा श्रमानंतरच्या विश्रांतींत व झोपेंत घडतो. म्हणून आठवड्यांतून एकदोन दिवस पायांस विसांवा देणें हा आळस नव्हे. तो सरावाचाच भाग होय.

अंतर किती वाढवावें? आठवड्यास सुमारें दहावा हिस्सा, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. मुलांनो, पाटी घ्या. आरंभीं ३० किलोमीटर धरा व दर आठवड्यास दहावा हिस्सा मिळवा. बारा वेळां मिळविल्यावर सुमारें ९४ किलोमीटर होतील. तितकें ज्यास सुखानें जमलें, त्यास ठरल्या दिवशीं ११० जड जाऊं नयेत. मधून मधून हलके आठवडे धरतां एकूण चार महिने लागतात. फेरी जानेवारींत असेल तर सराव सप्टेंबरांत सुरू व्हावा. पहिल्या पहाटे सिंभोऱ्याच्या धरणाकडे जाऊन परतलें तरी पुरे.

तीन गोष्टी विसरूं नयेत. बैठकीची उंची अशी असावी कीं पायंडल खालीं असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील. भूक लागण्यापूर्वींच केळें, चिक्की अथवा भाकरीचा तुकडा खावा, व मीठसाखर घातलेलें पाणी घोट घोट प्यावें. शरीर उन्हास सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तरी वऱ्हाडांतील उन्हाळ्यांत दुपारीं सायकल काढणें हें धाडस नसून अविचार होय.

२०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत आळीपाळीनें सायकल चालवून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. आदिवासी बांधवांच्या नेत्रसेवेस साहाय्य व्हावें, हाही त्यांचा हेतु होता. दोघेही व्यवसायानें डॉक्टर; सायकल हा त्यांचा पोटाचा धंदा नव्हे. कामधंदा सांभाळून सरावास वेळ काढतां येतो, याचें याहून ठळक उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

सरावाचे किलोमीटर वर्गणीच्या हिशेबांत कोणी धरीत नाहीं. पहाटेच्या काळोखांत, कोणी पाहत नसतां, ते तोडावे लागतात. परंतु दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा ज्या वचनावर आपण मागतों, तें वचन त्यांच्याच बळावर पुरें होतें.