चष्म्याच्या प्लास्टिकवर उमटलेले वैश्विक किरण

पवनारला धाम नदीच्या काठी उभ्या असलेल्या माणसावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलो हवेचे छत्र असते, आणि विषुववृत्तालगतच्या पट्ट्यात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही वैश्विक किरणांना, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या अतिवेगवान अणुकेंद्रकांना, सर्वाधिक अडवते. त्यामुळे त्यांच्यापासून होणारी जैविक इजा ज्या एककात मोजतात, त्या मिलिसिव्हर्टमध्ये येथील वार्षिक मात्रा एकापेक्षाही कमी भरते. क्युरिऑसिटी यानाने मंगळाच्या वाटेवर दिवसाला सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट नोंदवले. हा आकडा मथळ्याला सोयीचा खरा, परंतु ती मात्रा कोणत्या कणांनी दिली, हे त्यातून कळत नाही.

ते कळण्याची एक सुरेख रीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुकुमार बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘अनुराधा’ या प्रयोगात दिसते. 1985 मध्ये चॅलेंजर यानातून गेलेल्या या उपकरणाचे नाव भारतीय अवकाशयशाच्या कौतुकात क्वचितच घेतले जाते. त्यात सीआर-39 या, चष्म्याच्या भिंगांसाठी वापरल्या जाणाऱ्या, प्लास्टिकचे पातळ थर होते. जड केंद्रक त्यातून जाताना वाटेतल्या लांब साखळीरेणूंचे बंध तोडते. नंतर ते प्लास्टिक गरम कॉस्टिक सोड्यात ठेवले, की दुखावलेली रेघ भोवतालापेक्षा लवकर झिजून सूक्ष्म शंकूसारखा खळगा पडतो, आणि त्याच्या आकारावरून कणाचा विद्युतभार काढता येतो. प्रयोगाचा मूळ प्रश्न जीवशास्त्राचा नव्हता, या कणांनी किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत एवढाच होता; तथापि हेच प्लास्टिक अंतराळवीरांची मात्रा मोजायलाही वापरतात.

डीएनए हाही साखळीरेणूच. गॅमा किरणांनी होणारी मोडतोड बहुतांशी विखुरलेली असते, आणि एकच धागा तुटला तर पेशी समोरच्या धाग्यावरून तो भरून काढते. लोहाच्या केंद्रकाचा भार मात्र प्रोटॉनच्या 26 पट असल्याने, वेग सारखा असता, ते वाटेत भाराच्या वर्गाइतकी, म्हणजे 676 पट, ऊर्जा सोडते. दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तुटतात, टोके चुकीची जुळतात, आणि अशी पेशी मेली नाही तर पुढे कर्करोगाचा संभव उरतो.

अंतराळवीरांच्या कर्करोगाच्या धोक्याचे गणित मात्र मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांच्या नोंदींवर उभे आहे, आणि त्यांच्यावर प्रामुख्याने गॅमा किरणांचा, तोही क्षणभराचा मारा झाला होता. नासाची संपूर्ण कारकिर्दीसाठीची 600 मिलिसिव्हर्टची मर्यादा कितीही नेमकी वाटली, तरी तिच्यामागे हीच उसनवारी आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे 2003 पासून पेशींवर आणि उंदरांवर जड केंद्रकांचा मारा करून ही उणीव भरून काढण्याचे काम चालू असले, तरी अंतराळात महिनोन्‌महिने झिरपणारी मात्रा तेथील प्रयोगांत अनेकदा काही मिनिटांत दिली जाते.