काट्यावरचे वजन आणि कंबरेचा घेर



उसाची गाडी काट्यावर आली की वजनाची पावती मिळते. पण त्या उसात साखर किती, हे काटा सांगत नाही. त्यासाठी उतारा पाहावा लागतो. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे.

आपल्या पाथर्डी तालुक्यात पारावर नेहमी ऐकू येते, "आपण काटक माणसं. हार्टचं दुखणं जाड्या माणसाला!" हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचेच उदाहरण घ्या. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण यंत्राने चरबी मोजली, तर लंडनच्या डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! २००४ साली दोघांनी हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या छायाचित्रासह छापले. म्हणजे दिसायला सडपातळ, पण आतून चरबी.

ही चरबी पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठली तर जास्त घातक. तिच्यामुळे इन्शुलिन नीट काम करीत नाही. रक्तातली साखर, चरबी आणि रक्तदाब वाढतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ लागतात.

मग आपला उतारा पाहायचा कसा? शिंप्याची टेप पुरे. उभे राहून श्वास सहज सोडा. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरा. पोट आत ओढू नका, फसवणूक आपलीच होते. पायजम्याच्या नाडीवरही विसंबू नका; ती सुटलेल्या पोटाखाली बांधलेली असते. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, यापुढे गेला की सावध व्हावे.

घेर वाढला म्हणजे रोग झालाच असे नाही. कमी आहे म्हणून तंबाखू खुशाल चालू ठेवावी, असेही नाही. पण आता विहिरीवरची मोटार मोबाइलवर सुरू होते, बांधापर्यंत मोटारसायकल जाते. चालणे घटले, ताट मात्र तेवढेच राहिले. तेव्हा रोज थोडे चाला, तळलेले आणि गोड आवरा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्या.

उसाला वेळेवर तोड मिळावी म्हणून आपण गट ऑफिसला किती चकरा मारतो! त्यातली एक चक्कर स्वतःच्या जिवासाठी मारा, एवढीच आमची विनंती.