प्रवरेकाठचा गाळ

नेवाशाचे नाव घेताच आपणांस ज्ञानेश्वरीचा पैसाचा खांब आठवतो. त्याच परिसरातील प्रवरेच्या दरडींकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तळाशी गोटे व जाड वाळू यांचा सिमेंटासारखा घट्ट थर, त्यावर चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळसर गाळ, आणि माथ्यावर आपली काळी माती. डॉ. सांकलिया यांनी १९५४ पासून येथे उत्खनन केले, तेव्हा गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन माणसाची हत्यारे निघाली. एवढा गाळ नदीने टाकला तरी केव्हा?

पूर आला की गाळ साचतो, म्हणजे पुष्कळ गाळ हे पुष्कळ पावसाचे लक्षण, असे कोणासही वाटेल. विश्वास काळे व शरद राजगुरू यांनी १९८७ साली दख्खनच्या नद्यांविषयी जे मांडले, ते नेमके उलट आहे. गाळातील शिंपल्यांचे वय कार्बनच्या साहाय्याने काढता येते. त्यावरून दिसते, की गाळाचा मोठा भाग हिमयुगाच्या अखेरीचा, म्हणजे मोसमी पाऊस दुबळा होता त्या काळचा. डोंगरउतारावर झाडोरा विरळ, माती सुटी; ती वाहून नेण्याइतके पाणी नदीत नाही. ओझे न पेलणाऱ्या हमालाने ते वाटेतच टाकावे, तसे प्रवरेने केले. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस बळावला आणि नदी आपल्याच गाळात खोल उतरली. तिच्या मागोमाग ओहोळही उतरले. संगमनेरच्या खालच्या अंगाच्या घळी अशाच पडल्या.

आपल्याकडील पर्जन्यमापनाच्या नोंदी दीडएकशे वर्षांच्या. त्यांवरून हजारो वर्षांतील चढउतार कसा कळावा? त्यासाठी दरडीच पाहिल्या पाहिजेत. आणि आज हवामान पुन्हा पालटते आहे: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. येथे दुष्काळाची भीती जुनीच, तीत एका रात्रीच्या धो धो पावसाची भर पडली.

अशा वेळी घळी बुजवून शेते करण्याची घाई चालली आहे. जमिनीची भूक आम्ही जाणतो. कोणा शेतकऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हा गाळ सैल आहे. यंत्राने लोटलेली माती जुन्या थराला धरून राहत नाही, आणि पाणी आपली पूर्वीची वाट शोधीत येते. सपाटीकरणाआधी घळीचे तोंड, उतार व खालचा थर जाणकाराने पाहावा. काही दरडी तरी अभ्यासासाठी जशाच्या तशा राखाव्यात. त्या एकदा बुजल्या, की तेथली पावसाची नोंद पुन्हा मिळणार नाही.