मोडलेल्या आसाचे गणित

दिवाळीच्या सुटीत आमचा नातू नरसीस आला, तो कपड्यांपेक्षा कागदच अधिक घेऊन आला. नांदेड येथे १९८१ साली स्थापन झालेल्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत तो यंत्रविद्येच्या तिसऱ्या वर्षास आहे. अभ्यंगस्नान आटोपले, फराळ झाला, की स्वारी ओसरीवर बैठक मारी आणि दांडे, आस, खिळे, कड्या यांची गणिते सोडवू लागे. अमुक जाडीच्या दांड्यावर अमुक भार. तो टिकेल की तुटेल? पान उलटावे तो पुन्हा तोच प्रश्न. घरातील मंडळींस त्याचे मोठे कौतुक वाटे. आम्हांस मात्र, उभा जन्म शाळेत गेल्यामुळे असेल, त्यात एक खोड दिसली. उत्तर आले की तो ते पुस्तकाच्या शेवटच्या पानांशी ताडून पाही, आणि जुळले की पुढे जाई. ‘अरे, हा दांडा कोणत्या गाडीचा?’ असे विचारले, तर म्हणे, ‘आजोबा, ते गणितात दिलेले नाही.’

तेव्हा आम्ही माळ्यावरून तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक जिन्नस खाली काढविला. बैलगाडीच्या लोखंडी आसाचा तो तुटका तुकडा होता.

नरसी हे श्रीनामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूज्य मानले जाते, आणि पंढरीची आषाढी झाल्यावर वद्य एकादशीस येथे परतवारीचा मोठा मेळा भरतो, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच. १९६९ साली आम्ही अकरा वर्षांचे होतो. त्या मेळ्याच्या अन्नदानासाठी ज्वारीची पोती घेऊन आमची गाडी गावाकडे येत असता कयाधूच्या उतारावर डाव्या चाकाशी आस मोडला. गाडी कलंडली आणि धाकट्या काकांचा पाय पोत्यांखाली सापडला. ते पुढे जन्मभर लंगडत चालले. निघतेवेळी आतोबांनी आपल्या नवसाचे म्हणून एक पोते वर चढविले होते. काकांस उचलून ओसरीवर आणले, तेव्हा आमचे आजोबा एवढेच बोलले, ‘पोते कोणी घातले?’ दुसरा शब्द नाही. त्या दिवसापासून आतोबांनी आमच्या घरचे पाणी घेतले नाही. आत्या एकटी माहेरी येई. लग्नकार्यास आतोबा आलेच, तर मांडवाच्या कडेला उभे राहून अक्षता टाकीत आणि पंगतीपूर्वी निघून जात.

नातवाने तुकडा मोजला. मधला भाग चौरस, चाकात जाणारे टोक गोल. गोलाची मूळ जाडी ३८ मिलिमीटर. आतोबांचे पोते वगळून गाडी व माल मिळून बारा क्विंटल धरले, म्हणजे एका चाकावर सहाशे किलोग्रॅम. चाकाच्या तुंब्याचा मध्य आसाच्या चौरस भागापासून दहा सेंटिमीटर. भारास या अंतराने गुणले की आस वाकविणारा जोर निघतो. त्यास आसाच्या आकारातून येणाऱ्या सामर्थ्याने भागले की लोखंडावरील ताण मिळतो. (परिभाषा घडविणाऱ्यांनी यास ‘प्रतिबल’ असा सुरेख शब्द दिला आहे, आमचा नातू ‘स्ट्रेस’च म्हणतो.) ताण निघाला दर चौरस मिलिमीटरास सुमारे अकरा किलोग्रॅम. साधे नरम पोलाद कायमचे वाकू लागण्यास सुमारे पंचवीस लागतात. आतोबांचे पोते त्यात मिळविले, तरी बारापर्यंत मजल जाते. म्हणजे आस मोडावयासच नको होता!

‘आजोबा, उत्तर जुळत नाही,’ तो म्हणाला. या गणितास शेवटचे पान नव्हते.

आम्हांस त्या वेळी चरकसंहिता आठवली. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेशाने आयुष्य नियत की अनियत असा प्रश्न केला असता, भगवान आत्रेय गाडीच्या आसाचाच दृष्टांत देतात. गुणवान आस नीट वाहिला तर झिजून यथाकाळी संपतो; पण तोच मध्येच मोडतो, त्याची कारणे ते सांगतात: अतिभार, उंचसखल वाट, वाट सोडून जाणे, चाक मोडणे, बैलाचा किंवा हाकणाऱ्याचा दोष, खीळ निसटणे, वंगण नसणे, उलटणे. आमचे आजोबा संस्कृत जाणणारे होते. परंतु त्या दिवशी ते यादीच्या पहिल्या शब्दावरच थांबले.

नातवाने ती यादी वहीत उतरून घेतली, आणि तिच्यात नसलेले एक कारण खाली लिहिले. चौरस भाग संपून गोल भाग सुरू होतो, तेथे लोहाराने सरळ काटकोन ठेवला होता. अशा कोपऱ्यात ताण सर्वत्र सारखा न पसरता एके ठिकाणी गोळा होतो, आणि सहज दुप्पट होतो. यात त्या लोहाराचे नवल नाही. ८ मे १८४२ रोजी पॅरिसजवळ आगगाडीच्या एंजिनाचा आस मोडून पन्नासांहून अधिक माणसे मेली, तोवर युरोपातील मोठमोठ्या कारखानदारांचेही या कोपऱ्याकडे लक्ष गेले नव्हते. दुसऱ्याच वर्षी रँकिन नामक ऐन विशीतल्या स्कॉटिश अभियंत्याने दाखवून दिले, की आस अशा कोपऱ्याशी बारीक चिरेने तुटू लागतो, म्हणून तेथे गोलाई द्यावी. पुढे जर्मनीत व्होलर याने वर्षानुवर्षे प्रयोग करून सिद्ध केले, की एका झटक्यात ज्या भाराने लोखंडास काही होत नाही, तोच भार लक्षावधी वेळा आला तर ते मोडते. आगगाडीचा आस चाकाबरोबर फिरतो, म्हणून त्याचा प्रत्येक भाग फेऱ्याफेऱ्यास ताणला व दाबला जातो. बैलगाडीचा आस फिरत नाही; पण वाटेतला प्रत्येक खड्डा त्याच्या खालच्या अंगासच ताण देतो.

मग त्याने तुकड्याचे तोंड रॉकेलने पुसून उजेडात धरले. गंज होताच, तरी फरक दिसत होता. खालचा निम्मा भाग गुळगुळीत आणि काळवंडलेला, वरचा खडबडीत व दाणेदार. ‘ही चीर त्या दिवशीची नव्हे, आजोबा. खालचा भाग फार पूर्वीपासून फाटत आला असावा. उतारावर फक्त उरलेला तुटला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून ठामपणे सांगता येणार नाही.’ हे शेवटचे वाक्य ऐकून आम्हांस पुस्तकाच्या सगळ्या जुळलेल्या उत्तरांपेक्षा अधिक समाधान वाटले.

परंतु त्याचे मोजणे संपले नव्हते. गोल भाग खालच्या अंगाने झिजून उभा ३४ मिलिमीटरच उरला होता. चार मिलिमीटर काही फार नव्हेत असे आम्ही म्हणालो. त्यावर त्याने दाखविले, की येथे उंचीचा वर्ग धरावा लागतो, म्हणून तेवढ्याने ताण चौथाईने वाढतो. आतोबांच्या पोत्याच्या तिपटीने! कोपऱ्याची दुप्पट त्यावर धरली, की पोते नसतानाही त्या एका जागी पंचवीसची मर्यादा ओलांडली जाते.

‘इतका झिजला कसा? वंगण कोण घालीत असे?’ त्याने सहज विचारले.

दर आठवड्यास चाके काढवून एरंडेल घालविण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही ते कधी करीत असू, कधी केल्याचे सांगत असू.

भाऊबीजेस आम्ही हिंगोलीस आतेबहिणीकडे गेलो. आतोबांस जाऊन बरीच वर्षे झाली. अक्काही आता पंचाहत्तरीस आली आहे. ओवाळून झाल्यावर नातवाचा कागद तिच्यापुढे ठेविला आणि पोते, कोपरा, वंगण असे सर्व क्रमाने सांगितले. वंगणाचे सांगताना आमचा आवाज नीट राहिला नाही. तिने चष्मा लावून आकडे पाहिले. ते तिला कळले असतील असे वाटत नाही.

‘दादांनी त्यानंतर दुसऱ्याच्या गाडीवर कधी ओझे ठेवले नाही,’ ती म्हणाली. ‘बाजारचे दळणदाणे असले तरी डोक्यावर घेऊन घरी येत. आम्ही समजत होतो, पैसे वाचवितात.’